रिकाम्या गाडीचं वजन

जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या फाटकाशी
माझी काचेची केबिन.
भंगाराचे ट्रक येतात रात्रभर.
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
वजाबाकी, पावती.
चौदा वर्षं हेच.

गाडी नसायची तेव्हा
मी स्वतःलाच चढवायचो काट्यावर.
आज कुणाला काय बोललो.
प्रार्थनेत मन किती वेळा भट्टीकडं गेलं.
माफी मागितली ती मनापासून होती का,
आणि नसेल, तर
त्याची वेगळी माफी मागायची का.
पावतीवर पावती.
नाव शांतवन. कुणी हाक मारली की ओशाळायचो.

सगळ्यात तळाला एक पावती, पिवळी पडलेली:
मिशन हॉस्पिटल, पुरुष वॉर्ड, खाट अकरा.
बाप म्हणाला, प्रार्थना कर रे शांतवन.
मला शब्द सुचेना.
म्हणालो, आधी औषध घेऊन येतो.
आलो तेव्हा सिस्टर
सलाईनची नळी गुंडाळत होती.

पाळक म्हणाले, विश्वास ठेव.
ठेवला.
मग रात्री उठून बघायचो,
ठेवला तिथं आहे का.

चार वर्षं प्रभुभोजनाच्या रविवारी
मी शेवटच्या बाकावर.
प्याला आला की पुढं सरकवायचो,
दहा दिवसांनी नळाला पाणी यावं
आणि रांगेत उभं राहून
आपली घागर न भरता
दुसऱ्याची पुढं द्यावी, तसा.

मग मे महिन्यातला एक रविवार. लाईट गेलेली.
शेजारी येऊन टेकली गोदूबाई पारखे,
जुनी दाई, ऐंशीच्या पुढची,
अर्ध्या गल्लीची नाळ तिनं कापलेली.
आता हात थरथरतात.
म्हणाली, धर रे, मह्या हातानं सांडंल.
धरला. ती प्याली,
थोडं हनुवटीवर, थोडं माझ्या मनगटावर.
प्याला पुढं द्यायला वळलो
तर तिनं तेच मनगट पकडलं.
"अन् तू?"
मी लायक नाही, मावशी.

हसली नाही. चिडलीच जरा.
"लायक? सोयरीक जुळवाया आलास का इथं?
वाढणारा भूक हाय का एवढंच इचारतो.
हाय का नाही?"

होती.
फार दिवसांची.

रस कोमट होता, किंचित आंबलेला.
आभाळ वगैरे उघडलं नाही. लाईटही आली नाही.
फक्त शेवटचं गीत होईस्तोवर
म्हातारीनं मनगट सोडलं नाही,
आणि मला खाट अकरा दिसली.
मी औषधाच्या रांगेत होतो तेव्हा
कुणीतरी आत थांबलं होतं,
खिळ्याचा व्रण असलेला हात
बापाच्या हातावर ठेवून.
शब्द मीच आणायला हवे होते
असं मला सांगितलं कुणी?

त्याच आठवड्यात काटा बिघडला.
वर काही नाही, तरी आकडा साठ किलो.
रफीक मिस्त्री बॅटरी घेऊन खाली उतरला.
खालूनच ओरडला,
वजन नाही भाऊ, गाळ आहे हा, पार दगड झालाय.
दुपारभर पहारीनं काढत होता.
मी समजत होतो, मशीनच गेलं.

काळजी अजून येते.
तीनच्या सुमाराला, एखाद्या गाडीमागून, पावलं न वाजवता.
पूर्वी तिला काट्यावर घ्यायचो.
आता म्हणतो, बस बाई, थंडी आहे बाहेर.
थर्मासचं झाकण उघडतो.
आणि केबिनमध्ये एकटाच, मोठ्यानं म्हणतो, बापा.
एवढंच.
पुढचं अजूनही सुचत नाही.
पण सुचत नाही म्हणून
उठून जात नाही आता.

बाहेर हॉर्न वाजतो.
वाजू दे घटकाभर.